थोपटण्याची पायरी

साखरेच्या बरणीचं झाकण उघडेना, इथून सगळं सुरू झालं.

झाकण फार घट्ट होतं असं नाही. दोनओळ्यांनी ते एका हिसक्यात उघडलं आणि बायकोकडे विजयी नजरेनं पाहिलं, तर ती पाठ फिरवून दूध गाळत होती. चहा पिताना त्यांच्या लक्षात आलं की, गेल्या काही दिवसांत घरात त्यांना बरेच विजय मिळाले आहेत. दाराची अडकलेली किल्ली त्यांनी फिरवली होती. गळका नळ त्यांनीच आवळला होता. औषधाची बाटली, कपड्यांचे चिमटे, खिडकीची कडी, सगळीकडे बायको हाक मारत होती आणि ते जाऊन जिंकत होते. संसाराला इतकी वर्षं झालेल्या माणसाला घरातल्या घरात असे लागोपाठ विजय मिळू लागले, की त्यानं फुशारून न जाता चौकशी करावी. दोनओळे आधी थोडे फुशारले आणि मग त्यांनी चौकशी केली.

"तुझा अंगठा बघू."

"कशाला? चहा प्या, निवतोय."

"बघू तर."

तिनं हात पुढे केला. अंगठ्याचं मूळ सुजून टम्म झालं होतं.

दोनओळे हे त्यांचं आडनाव नव्हतं. रक्त तपासणारी छोटी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत वरच्या मजल्यावर बसून ते सॉफ्टवेअर लिहीत, आणि कुणी काहीही काम सांगितलं की "त्यात काय, दोन ओळींचं काम आहे," असं म्हणत. त्या दोन ओळी लिहायला कधी आठवडा लागे, कधी महिना. एका वेळी तर त्या लिहिण्यासाठी त्यांना दोन माणसं हाताखाली द्यावी लागली होती. तेव्हापासून ते दोनओळे. नाव इतकं रुळलं की मूळ आडनावानं हाक मारली तर ते स्वतःही चटकन ओ देत नसत.

बायको त्याच कंपनीत खालच्या मजल्यावर होती. सगळी कंपनी तिला वहिनी म्हणायची. यंत्र जुळवून तयार होतं तेव्हा ते दिसायला पूर्ण असलं तरी डोक्यानं कोरं असतं. त्यात सॉफ्टवेअर भरावं लागतं, आणि ते काम वहिनी एका खोलीत एकटी करायची. यंत्रात कार्ड खुपसायचं. दोन्ही बाजूंची बटणं दोन्ही अंगठ्यांनी एकाच वेळी दाबायची आणि पडद्यावरची पट्टी पूर्ण भरेपर्यंत दाबूनच धरायची. ही पट्टी भरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणसाला आपल्या सगळ्या आयुष्याचा आढावा घेता येतो. मधेच अंगठा सैल पडला, शिंक आली, दारातून कुणी हाक मारली, की पट्टी पुन्हा पहिल्यापासून. मग भाषा, तारीख, यंत्राचा क्रमांक. मग नमुन्याच्या रक्ताचा एक थेंब. आकडा बरोबर आला की स्टिकर लावायचा आणि पुढचं यंत्र ओढायचं. चुकून कुणाचा हात लागून सॉफ्टवेअर पुसलं जाऊ नये म्हणून कुणीतरी ही दोन बटणांची युक्ती काढली होती. युक्ती चांगली होती. फक्त ती काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच यंत्र होतं आणि वहिनीसमोर रोज टेबलभर असायची.

डॉक्टरांनी अंगठा इकडून तिकडून वळवून पाहिला.

"काय काम करता?"

"बटण दाबते."

"ते हल्ली सगळेच दाबतात."

"मी सोडत नाही," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी अंगठ्याला बांधायचा पट्टा दिला, विश्रांती सांगितली आणि ती न घेतल्यास शस्त्रक्रिया करावी लागेल, असंही सांगितलं. बायकोनं पट्टा नीट घडी करून पर्समध्ये ठेवला. घरी आल्यावर ती तो बांधायची आणि सकाळी कंपनीच्या फाटकाआधी काढायची.

"अगं, हा उलटा उपचार झाला," दोनओळे म्हणाले.

"कंपनीत दिसला तर मला गुच्छ मिळेल."

गुच्छ म्हणजे काय, हे दोनओळ्यांना ठाऊक होतं. आदल्या वर्षी भिंगं बसवणाऱ्या बाईंची नजर अधू झाली, तेव्हा मोठ्या साहेबांनी त्यांना सर्वांसमोर फुलांचा भलाथोरला गुच्छ दिला होता. "तुम्ही आता आराम करा," असं म्हणाले होते, तेही मनापासून. मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्या हातून गुच्छ मिळालेला माणूस पुन्हा कंपनीत दिसला, असं घडलं नव्हतं.

"मला त्या खोलीत आवडतं," बायको म्हणाली. "घरी बसून मी काय करू? तुमच्या आईंशी भाजी कशी चिरायची यावर वाद घालू?"

आतल्या खोलीतून आई म्हणाल्या, "मला ऐकू येतंय."

दोनओळ्यांनी त्याच दिवशी मनाशी ठरवलं. अंगठ्यांचं काम मोटरी करतील. पट्टीवर कॅमेरा नजर ठेवेल. भाषा, तारीख, क्रमांक हे प्रोग्रॅम भरेल. बायकोला आधी सांगायचं नाही, तयार झालं की एकदम दाखवायचं. त्यात काय, दोन ओळींचं काम.

मुळात बटणांची अटच काढून टाकली असती तर प्रश्न मिटला असता, असं कुणालाही वाटेल. दोनओळ्यांनाही वाटलं. पण यंत्रातलं सॉफ्टवेअर सरकारमान्य होतं. त्यातला एक स्वल्पविराम हलवायचा तर नव्यानं मान्यता घ्यावी लागली असती, आणि तोवर बायको रीतसर वयानंच निवृत्त झाली असती. म्हणून यंत्र आहे तसंच ठेवायचं आणि बाहेरून त्याला रबरी अंगठे लावायचे, असं ठरलं. बाद झालेलं एक यंत्र रीतसर परवानगीनं घरी आलं आणि जेवणाच्या टेबलावर बसलं. घरातली माणसं मांडीवर ताट घेऊन जेवू लागली. बायकोला सांगितलं, की वरच्या मजल्यावरचं काम घरी आणलंय. यात खोटं काही नव्हतं, फक्त मजला चुकला होता.

रबरी अंगठे लवकर जमले. अडचण आली ती कागदावर. कंपनीत गुणवत्ता विभागाच्या एक बाई होत्या. त्यांच्या सहीशिवाय तिथं खुर्चीसुद्धा हलत नसे. काम यंत्राकडे द्यायचं असेल, तर ते काम आज नेमकं कसं होतं हे आधी लिहिलेलं हवं, असं त्यांनी सांगितलं.

"खोलीत जे प्रत्यक्ष घडतं ते लिहून आणा," बाई म्हणाल्या. "मनाचं काही घालू नका. मनानं काही गाळू नका."

दोनओळे आज्ञाधारक होते. ते फोन हातात धरून बायकोच्या खोलीच्या काचेबाहेर उभे राहू लागले. ती बघायची तेव्हा ते स्टेपलर मागायचे. एकाच दिवशी तीन स्टेपलर घेऊन ते वर गेले, तेव्हा वरच्या मजल्यावर कुजबूज झाली. बायकोला वाटलं, आपण पट्टा बांधतोय की नाही हे बघायला हे येतात. तिनं रागानं चौथा स्टेपलर स्वतःहून वर पाठवला.

या चोरट्या चित्रणातून दोनओळ्यांनी सगळ्या पायऱ्या उतरवून काढल्या. कार्ड, अंगठे, पट्टी, भाषा, तारीख, क्रमांक, थेंब, आकडा, स्टिकर. आणि स्टिकर लावल्यावर, प्रत्येक यंत्राच्या बाबतीत, बायको आणखी एक गोष्ट करत होती. ती यंत्राच्या पाठीवर तळव्यानं दोनदा हलकेच थोपटायची. मग ते बाजूला सारायची.

हे लिहावं की लिहू नये, यावर त्यांनी डबा खाताना विचार केला. आत काहीतरी थोपटल्यानं जागेवर बसत असेल. वरच्या मजल्यावरचा प्रिंटरसुद्धा गुद्दा घातल्याशिवाय कागद ओढत नव्हता. शिवाय मनानं काही गाळायचं नव्हतं. त्यांनी लिहिलं, 'शेवटची पायरी. यंत्राच्या पाठीवर तळव्यानं दोनदा थोपटणे.' बाईंनी कागद वाचला, मान डोलावली आणि शिक्का मारला. माणूस स्वतःच्या हातानं स्वतःचा घोटाळा इतक्या सुवाच्य अक्षरात क्वचितच लिहीत असेल.

पुढची अडचण डोळ्यांची निघाली. हे काम करणाऱ्याची नजर वर्षातून एकदा तपासलेली हवी, असा नियम होता. आता काम कॅमेरा करणार, म्हणजे कॅमेऱ्याची नजर तपासलेली हवी. कंपनीच्या नेत्रतज्ज्ञांनी कॅमेरा खुर्चीत ठेवला, खाली एक उशी दिली आणि समोर अक्षरांचा तक्ता लावला. कॅमेऱ्यानं शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं आणि पुढे तक्ता छापणाऱ्याचं नाव आणि पत्ताही वाचला. नेत्रतज्ज्ञांनी प्रमाणपत्र दिलं आणि सवयीनं सांगितलं, की हिरव्या पालेभाज्या खात जा.

प्रमाणपत्र जोडून दोनओळे बाईंकडे गेले. बाईंनी कागद चाळले.

"तुमचं यंत्र शेवटची पायरी करत नाही."

"कोणती?"

"थोपटण्याची."

दोनओळे हसले. बाई हसल्या नाहीत, तेव्हा त्यांनी हसू हळूहळू आवरतं घेतलं.

"ते तसं महत्त्वाचं नाही, बाई. चुकून लिहिलं गेलं."

"चुकून? मग बाकीच्या पायऱ्याही चुकून लिहिल्या असतील."

"नाही, बाकीच्या बरोबर आहेत."

"म्हणजे जे लिहिलंय ते बरोबर आहे."

"हो. म्हणजे, हे सोडून."

"हे सोडायचं तर कारण लागेल. ती पायरी कशासाठी आहे, ते सांगा. मग ती का नको, ते सांगा."

कारण फक्त बायकोला माहीत होतं, आणि बायकोला विचारायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. दोनओळ्यांनी सोपा मार्ग काढला. यंत्राला थोपटायला शिकवायचं. त्यात काय.

जाता जाता मोठे साहेब जिन्यात भेटले. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. "छान, छान," साहेब म्हणाले. "म्हणजे खालची खोली मोकळी होईल. तिथं खोके ठेवता येतील." दोनओळ्यांच्या डोक्यात तेव्हा तळवा कशाचा करावा हे चाललं होतं. त्यांनी हसून मान हलवली.

तळवा आईंनी केला. स्वयंपाकघरातला पिवळा रबरी हातमोजा घेतला, त्यात तांदूळ भरले आणि मनगटाशी शिवून टाकला. तो एका काठीला बांधून, काठी मोटरीला जोडून, हात तयार झाला. दुपारी बायको कंपनीत असायची. दोनओळ्यांनी रजा काढली होती. पहिल्याच प्रयत्नात हातानं यंत्राला असा काही तडाखा दिला, की ते टेबलावरून उडून धुण्याच्या बादलीत पडलं. साबणाच्या पाण्यातून त्याचा पडदा अंधुक उजळला आणि त्यावर 'नमुना अपुरा' अशी अक्षरं आली.

आवाज ऐकून इमारतीच्या खालच्या मजल्यावरचे मापकाका वर आले. ते वजनमापं खात्यातले निवृत्त निरीक्षक. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासले, आणि निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नव्हतं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते रोज कुठल्या ना कुठल्या आवाजाचं निमित्त करून वर यायचे आणि 'मी बसत नाही' असं म्हणून बसायचे.

"मी बसत नाही," मापकाका बसत म्हणाले. "थोपटण्याचं वजन ठरवलंय का?"

"नाही."

"मग पुढचं सगळं व्यर्थ आहे."

त्यांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा टेबलावर मांडायला लावला आणि प्रत्येकानं त्यावर थोपटून दाखवावं, असं फर्मावलं. स्वतः पहिल्यांदा थोपटलं. काटा टोकाला जाऊन अडकला. आई म्हणाल्या, "हे थोपटणं नाही, ही धाड आहे." मग दोनओळ्यांनी थोपटलं. काटा हललाच नाही.

"तू थोपटतोयस की माशी हाकलतोयस?" आई म्हणाल्या. "सरक. मी तुला वर्षभर थोपटलंय, तू काही सुखासुखी झोपणारं मूल नव्हतास."

आईंनी डोळे मिटले आणि काट्यावर दोनदा थोपटलं. काटा जरासा खाली गेला आणि हलकेच वर आला. मापकाका बराच वेळ काट्याकडे पाहत राहिले. "हे प्रमाण धरा," ते म्हणाले.

तेवढं वजन हाताला शिकवायला बराच उद्योग झाला. तांदूळ काढले, घातले. काठी लांब केली, आखूड केली. कॅमेऱ्याला सांगितलं, की यंत्रावरचा हिरवा दिवा दिसला की थोपटायचं. अखेर हात ठरल्याप्रमाणे वर गेला आणि खाली येईना. आकडा बरोबर होता, दिवा हिरवा होता, हात अधांतरी.

"काहीतरी अडकलंय," असं म्हणून मापकाका वाकून बघू लागले. त्यांनी काकूंनी विणलेला हिरवा स्वेटर घातला होता. कॅमेऱ्याला एवढा मोठा हिरवा दिवा आयुष्यात दिसला नव्हता. हात सावकाश वळला, काकांच्या टकलावर आला आणि त्यानं दोनदा थोपटलं. अगदी प्रमाणात.

कुणी हसलं नाही. मापकाका तसेच वाकून राहिले होते.

"वजन बरोबर वाटतंय," ते थोड्या वेळानं म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "खात्री करून घ्यायला हवी. आणखी एकदा होऊ द्या."

हातानं आणखी एकदा थोपटलं, आणि त्याच वेळी दारात किल्ली फिरवण्याची धडपड ऐकू आली. किल्ली फिरली नाही. आईंनी उठून दार उघडलं. बायको लवकर घरी आली होती, कारण अंगठा फार दुखत होता.

तिनं टेबलाकडे पाहिलं. रबरी अंगठ्यांकडे, कॅमेऱ्याकडे, काकांच्या डोक्यावरच्या पिवळ्या हाताकडे. तो हातमोजा ती आठवडाभर शोधत होती.

"हे माझं काम आहे," ती म्हणाली.

"तुझ्या अंगठ्यासाठीच चाललंय," दोनओळे म्हणाले. "आता तुला काहीच करावं लागणार नाही."

हे वाक्य त्यांच्या मनात कित्येक दिवस तयार होतं आणि ते म्हटल्यावर बायकोचा चेहरा कसा होईल हेही त्यांनी पाहून ठेवलं होतं. चेहरा तसा झाला नाही.

"मग मी काय करणार?" तिनं विचारलं.

दोनओळे विचार करू लागले. मोटरींचं त्यांनी लिहिलं होतं, कॅमेऱ्याचं लिहिलं होतं, थोपटण्याचंही लिहिलं होतं. ह्या प्रश्नाच्या दोन ओळी मात्र त्यांनी लिहिल्याच नव्हत्या. मोकळी होणारी खोली आणि खोके त्यांना आता आठवले.

"साहेबांना माहीत आहे?"

"हो."

"गुच्छ कसला सांगितलाय?" ती म्हणाली आणि आत गेली. मापकाकांनी हात डोक्यावरून हळूच बाजूला केला. "मी बसत नाही," ते म्हणाले, आणि यावेळी खरोखर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोनओळे गुणवत्ता विभागात जाऊन सगळं मागे घेतो म्हणाले. बाई म्हणाल्या, मागे घेण्याचा अर्ज वेगळा असतो आणि त्यालाही कारण लागतं. चाचणी ठरली आहे, ती होईल. चाचणीसाठी हात सुटकेसमधून आणावा लागला. त्याची बोटं झाकणाबाहेर राहत होती. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, "आत काय आहे?" दोनओळे म्हणाले, "हात." पहारेकऱ्यानं बोटांकडे पाहिलं, दोनओळ्यांच्या उतरलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि न बोलता दार उघडलं.

चाचणीत अर्धी यंत्रं थोपटली, अर्धी थोपटली नाहीत. सगळ्यांचे आकडे सारखेच बरोबर आले.

बैठकीच्या खोलीत टेबलाच्या एका टोकाला मोठे साहेब बसले होते आणि पाण्याच्या जगमध्ये गुच्छ उभा होता. पिवळी आणि पांढरी फुलं, भरपूर पानं. बायको आत आली, तिनं आधी गुच्छाकडे पाहिलं आणि मग दारापासच्या खुर्चीत बसली. दोनओळ्यांना तिच्या शेजारी बसायचं होतं, पण बाईंनी त्यांना हाताशेजारी बसवलं.

"थोपटण्यानं काही फरक पडत नाही," साहेब म्हणाले. "काढून टाका ती पायरी आणि सुरू करा."

"काढायच्या आधी ती का होती, ते नोंदवावं लागेल," बाई म्हणाल्या. "वहिनी, तुम्ही का थोपटता?"

"मी थोपटते?" बायकोनं विचारलं.

तिला चित्रण दाखवलं. काचेपलीकडून, जरा हललेलं, मधेच दोनओळ्यांचं बोट आलेलं. ती स्वतःचा हात पाहत राहिली. मग म्हणाली, "माझ्या लक्षात नाही आलं कधी."

"तरी, कारण?"

"कारण असं काही नाही हो." ती थांबली. "इतका वेळ हातात धरून बसते ना मी त्याला. मग ते जातं. कुठं जातं, कोण वापरणार, काही कळत नाही. कुणीतरी घाबरलेलं माणूस बोट पुढे करून त्याच्यासमोर बसणार. नीट जा, एवढंच."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं. "कारण, निरोप."

"बरं," साहेब म्हणाले. "झालं तर मग."

"नाही झालं. निरोप आवश्यक आहे की ऐच्छिक, ते ठरवावं लागेल." बाई आपल्याच कागदाकडे बघत होत्या. "निरोप कोण देतं? जो पाठवतो तो. पाठवतो म्हणजे हे यंत्र आता जायला हरकत नाही, असं म्हणतो. म्हणजे ती मान्यता झाली. मान्यता जबाबदार व्यक्तीनंच द्यावी लागते, तसा नियम आहे." त्यांनी तांदूळ भरलेल्या हाताकडे पाहिलं. "ही व्यक्ती नाही."

"पण आकडे बरोबर आहेत," साहेब म्हणाले.

"आकडे यंत्रानं काढावेत, साहेब. जा म्हणायचं माणसानं."

साहेबांनी गुच्छाकडे पाहिलं. मग ते दबक्या आवाजात म्हणाले, की वहिनींच्या हाताला त्रास आहे असं त्यांच्या कानावर आलंय, आणि म्हणूनच त्यांनी हे... त्यांनी फुलांकडे हात केला.

दोनओळे उठले. तेवढ्यात बायकोनं पर्स उघडली, घडी केलेला पट्टा काढला आणि सर्वांसमोर, सावकाश, दातांनी टोक धरून अंगठ्याला बांधला. कंपनीच्या आवारात ती पहिल्यांदाच तो बांधत होती. बांधून झाल्यावर तिनं हात टेबलावर ठेवला.

बाई म्हणाल्या, "थोपटून दाखवा."

बायकोनं समोरच्या यंत्राच्या पाठीवर दोनदा थोपटलं. अंगठा पट्ट्यात होता, वेगळा, वर उचललेला. तळवा यंत्रावर टेकला आणि उठला.

"थोपटायला अंगठा लागत नाही," बाई म्हणाल्या. हेही त्यांनी लिहून घेतलं आणि शिक्का मारला. मग पुढे त्यांच्या नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, की अंगठ्यांचं काम मोटरींकडे द्यावं, मान्यता वहिनींकडे राहावी आणि मान्यता देणाऱ्या व्यक्तीला नियमानुसार स्वतंत्र खोली लागते, त्यामुळे खोके दुसरीकडे ठेवावेत.

उरला गुच्छ. साहेबांनी तो जगमधून उचलला. पाणी ठिबकत होतं आणि तो कुणाला तरी देणं भाग होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि दोनओळ्यांच्या हातात दिला.

"तुम्ही आता आराम करा," साहेब सवयीनं म्हणाले.

सगळी बैठक गार पडली. वरच्या मजल्यावरचा एक जण दोनओळ्यांच्या मोकळ्या होणाऱ्या खुर्चीचा विचार करू लागला, हे त्याच्या डोळ्यांत दिसलं.

"रविवारपर्यंत, म्हणतोय मी," साहेब घाईनं म्हणाले. "फार दमलेले दिसताय."

दोनओळे फुलं घेऊन घरी आले ते अशा तोंडानं, की शेजारी सांत्वनाला यावेत. दोनजण आलेही. मापकाकांनी हाताची चौकशी केली. कंपनीला आता तो नकोय हे कळल्यावर, त्याचं वजन पुन्हा एकदा तपासायला हवं, रबर सैल पडतं, असं म्हणून ते तो खाली घेऊन गेले. तो त्यांनी अजून परत केलेला नाही. उकाड्यातसुद्धा ते हल्ली हिरवा स्वेटर घालतात आणि कुणी विचारलं नाही, तरी तपासणी चालू असल्याचं सांगतात.

संध्याकाळी दोनओळे मोकळ्या झालेल्या टेबलाशी बसले होते. गुच्छ मधे होता. बायकोनं चहा ठेवला, साखरेची बरणी आणून त्यांच्यासमोर ठेवली आणि त्यांच्या मागे उभी राहिली.

"मला आधी विचारायचं होतंत," ती म्हणाली.

"हो."

"दोन ओळींचं काम होतं."

ते खांदे पाडून बरणीकडे बघत राहिले. तेव्हा त्यांच्या पाठीवर, खांद्यांच्या मधे, तळवा टेकला. एकदा, आणि आणखी एकदा. काट्यावर किती भरलं असतं ते मापकाकांनाच ठाऊक.

"हे आवश्यक की ऐच्छिक?" त्यांनी विचारलं.

"बरणी उघडा आधी," बायको म्हणाली, आणि हात तिथंच ठेवला.